क्रॅबट्री मागे सरकत नाही

"डावीकडे," नॉर्मन म्हणाला.

मी व्हॅन डावीकडे घेतली.

"आता सरळ."

"सरळ कुठपर्यंत?"

"सांगतो ना. तू चालव."

एकसष्ट सालचा हिवाळा होता, शनिवारची सकाळ होती, आणि माझ्या शेजारी बसलेला माणूस मला एकेक वळण तोडून देत होता. आपण कुठल्या मैदानावर चाललोय हे मला आधी कळू नये म्हणून. मी लाँड्रीची व्हॅन चालवतो. ब्रॅकनशॉ आणि आसपासच्या गावांत असा रस्ता नाही जिथल्या चादरी मी उचललेल्या नाहीत. दुसऱ्या वळणालाच मला कळलं होतं की आम्ही गॅसच्या कारखान्यामागच्या मैदानावर चाललोय. पण म्हटलं, बसू दे त्याला गुपित सांभाळत. मागे धुतलेल्या टेबलक्लॉथच्या गठ्ठ्यावर डचेस बसली होती.

डचेस म्हणजे नॉर्मनच्या शेजारणीची कुत्री. स्वभावाने वाईट, रंगाने चिखलासारखी. नॉर्मन ब्रॅकनशॉ टाउन फुटबॉल क्लबचा स्काउट होता. म्हणजे शाळांच्या आणि गिरण्यांच्या मॅच बघत हिंडायचं, चांगला पोरगा हेरायचा, आणि दुसऱ्या क्लबला वास लागायच्या आत त्याच्या आईबापाच्या स्वयंपाकघरात जाऊन चहा प्यायचा. मग ही ओळख लपवायला सगळे स्काउट टोपी डोळ्यांवर ओढून, कुणाचं तरी कुत्रं फिरवायला आल्यासारखे उभे राहायचे. त्या मैदानांवर कधी कधी मॅच बघणाऱ्यांपेक्षा कुत्रीच जास्त असायची, आणि त्यातलं एकही पट्टा धरून उभ्या असलेल्या माणसाचं ऐकायचं नाही.

नॉर्मन आणि मी युद्ध संपल्यापासून गुडघे संपेपर्यंत एकत्र खेळलो. तो लेफ्ट बॅक, मी राइट बॅक. मी काय, धावायचो आणि बॉल जमेल तितका लांब मारायचो. तो मात्र बचाव कसा करायचा हे जाणणारा माणूस होता. विंगर, म्हणजे कडेने बॉल घेऊन धावणारा, त्याच्यासमोर आला की प्रेक्षकांचा अख्खा स्टँड ओरडायचा, "क्रॅबट्री मागे सरकत नाही." गावात पोरांना शाळेत घालायच्या आधी हे वाक्य शिकवत.

खेळ संपल्यावर त्याला मॅनेजर केलं. टीम घसरत गेली. एका आठवड्यात तो गोलकीपर बघायला स्कॉटलंडला गेला, आणि इकडे संचालकांनी बैठक घेऊन त्याला काढून टाकलं. परतला तेव्हा स्टेशनवरच्या हमालाने त्याच्या हातातली बॅग घेत म्हटलं, "वाईट झालं हो, मिस्टर क्रॅबट्री." हमालाला माहीत, न्हाव्याला माहीत, सगळ्या गावाला माहीत, आणि याला नाही. तेव्हापासून नॉर्मनच्या डोक्यात बसलं की त्याच्या पाठीमागे काहीतरी शिजत असतं. वर्षभराने चेअरमन मिस्टर एन्टव्हिसलने त्याला स्काउट म्हणून परत घेतलं. दया म्हणून घेतलं असं आयव्ही म्हणायची. आयव्ही म्हणजे त्याची बायको.

नॉर्मनला मोटार चालवता यायची नाही. डावा गुडघा क्लच दाबायच्या लायकीचा उरला नव्हता. म्हणून मी. शनिवारी लाँड्री अर्धा दिवस बंद असते. मी त्याला सोडायचो, व्हॅनमध्ये बसून पेपर वाचायचो आणि परत आणायचो. याबद्दल मला आयव्हीच्या हातचं मटण-बटाट्याचं कालवण मिळायचं, आणि मला तेवढं पुष्कळ होतं.

गडबड त्या हंगामात सुरू झाली. नॉर्मनने बॅरी टॅटम नावाचा पोरगा हेरला. रविवारी तो टॅटमच्या घरी गेला. आईने दार उघडलं आणि म्हणाली, "अहो, काल संध्याकाळीच वेंडल रोव्हर्सचे मिस्टर लिव्हसी येऊन गेले. सही झाली." नॉर्मनला वाटलं, असो, होतं कधी कधी. पण पुढचा पोरगाही रोव्हर्सकडे गेला. त्याच्या पुढचाही. दरवेळी डेस लिव्हसी एक पाऊल पुढे. जी पोरं नॉर्मनला आवडली नाहीत त्यांच्याकडे डेस ढुंकूनही बघायचा नाही. जो आवडला, नेमका तोच उचलायचा.

हा डेस रोव्हर्सचा जुना राइट विंगर, आता त्यांचा स्काउट. आमच्याविरुद्ध वर्षानुवर्षं खेळलेला, आणि नॉर्मनच्याच वाट्याला येणारा. आता उंटाच्या रंगाचा ओव्हरकोट घालायचा, बुटांना आरशासारखी चमक, आणि भेटला की असा हसायचा की माणसाने आपला खिसा चाचपावा.

मिस्टर एन्टव्हिसलचं गालिचांचं दुकान आहे. माणूस गोड बोलतो. तो नॉर्मनला म्हणाला, "नॉर्मन, ईस्टरपर्यंत मला एक पोरगा हवा. नाहीतर आपण हात मिळवू आणि मोकळे होऊ, काय?"

हे सांगताना नॉर्मन माझ्याकडे बघत नव्हता. तो काचेतून रस्त्याकडे बघत होता. "कोणीतरी सांगतंय," तो म्हणाला. "मी काय बघतो, कोणाला बघतो, सगळं तिकडे पोचतंय."

"कोण सांगणार?"

"तेच तर," तो म्हणाला, आणि त्या शनिवारपासून मला वळणं तोडून मिळायला लागली.

आधी मला हसू यायचं. मग एकदा मॅचनंतर तो व्हॅनमध्ये बसला आणि अगदी विश्वासाने म्हणाला, "वॉल्ट, तो लाल केसांचा गोलकीपर. हिरा आहे. कुणाला बोलू नकोस." नॉर्मन क्रॅबट्रीने मला आपणहून एखाद्या पोराबद्दल सांगावं, हे कधी झालं नव्हतं. त्यात पेपरवरून एकदा नजर वर केली तेव्हा मलाही दिसलं होतं, त्या गोलकीपरच्या हातात साधी टोपीसुद्धा टिकली नसती. मी समजलो की हा सापळा आहे. मला राग आला, पण मी म्हटलं, बरं झालं, आता याची खात्री पटेल. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

सोमवारी रोव्हर्सने त्या टीमच्या लेफ्ट विंगरची सही घेतली. नॉर्मनला खरोखर आवडलेला तोच होता.

मी त्या संध्याकाळी आयव्हीच्या स्वयंपाकघरात मोठ्या समाधानाने बसलो होतो. "बघ," म्हटलं, "तू मला गोलकीपर सांगितलास. गेला कोण? विंगर. म्हणजे सांगणारा मी नाही."

नॉर्मनने चमचा खाली ठेवला. "तुला कळलं होतं मी खोटं बोलतोय."

"शेंबड्या पोराला कळलं असतं."

"म्हणजे कळलं होतं. मग तू त्या टीमकडे बघितलंस, बाकीच्यांत कोण बरा आहे ते ओळखलंस, आणि डेसला सांगितलंस."

"मी व्हॅनमध्ये पेपर वाचत होतो."

"असं तू म्हणतोस."

आयव्ही म्हणाली, "नॉर्मन, पुरे. वॉल्टर आपल्या लग्नात तुझ्या शेजारी उभा होता."

"तेव्हा डेसही आला होता लग्नाला," नॉर्मन म्हणाला.

मी उठलो, टोपी घेतली आणि निघालो. कालवण अर्धं ताटात राहिलं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. बाहेर रस्त्यावर मी इतका संतापलो होतो की स्वतःशी बोलत चाललो होतो. आयुष्यभर ज्याच्या चुका झाकायला मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावलो, तो मला चुगलखोर म्हणतोय. आणि त्याहून वाईट म्हणजे, घरी पोचेपर्यंत मीही एकेकावर संशय घ्यायला लागलो होतो. चेअरमनचा मेहुणा? आयव्ही बाजारात बोलते का? अगदी शेजारणीपर्यंत गेलो. संशयाचं हे असं असतं, एकाला झाला की घरभर होतो.

पुढच्या शनिवारी तरीही मी त्याला घ्यायला गेलो. डचेस मागे चढली, तो पुढे. कोळशाच्या खाणीच्या मैदानावर खाणकामगारांच्या पोरांची मॅच होती. या वेळी मी पेपर व्हॅनमध्येच टाकला आणि खाली उतरलो. म्हटलं, बॉल बघायचाच नाही. कोण काय बघतंय ते बघायचं.

नॉर्मन नेहमीप्रमाणे कोपऱ्याजवळ उभा होता, जिथे तो आयुष्यभर खेळला त्या बाजूला, डचेसचा पट्टा हातात. आणि त्याच रेषेवर, बराच मागे, पोरांच्या कपडे बदलायच्या शेडपाशी डेस. बॉल पलीकडच्या गोलकडे गेला. रेषेवरच्या सगळ्या हनुवट्या तिकडे वळल्या. डेसची वळली नाही. तो समोर बघत सिगारेट ओढत होता, आणि त्याच्या समोर बघण्यासारखं काही नव्हतं. फक्त नॉर्मनची पाठ होती.

मग मी पण नॉर्मनकडे बघायला लागलो.

बराच वेळ तो कुंपणाच्या खांबासारखा उभा होता. एक विंगर गेला, दुसरा गेला, त्याचं काही हललं नाही. मग सात नंबरच्या एका बारीक पोराला बॉल मिळाला, आणि नॉर्मनचा डावा पाय हळूच मागे सरकला. खांदा वळला. वजन टाचांवर गेलं, हात अंगापासून जरासे सुटले, आणि ते पोर आत आत येत असताना नॉर्मन क्रॅबट्री, वय पन्नासच्या आसपास, रेषेबाहेर उभा राहून तिरका मागे मागे जात होता. बसलेली डचेस पट्ट्याबरोबर चिखलातून फरफटत गेली. त्याला पत्ताच नव्हता.

डेसने सिगारेट विझवली, आणि बॉलकडे एकदाही न बघता सात नंबरच्या बापाशी बोलायला निघून गेला.

मला सगळं कळलं. मी काय आज ओळखतो का ती चाल? सुमार विंगर आला की नॉर्मन थेट अंगावर जायचा आणि त्याला बॉलसकट चिखलात आडवा करायचा. पण जो आपल्याला चकवू शकेल असा कोणी समोर आला की तो मागे सरकायचा. थोडा थोडा, त्याला बाहेरच्या बाजूला नेत, रेषेपर्यंत, जिथे त्या बिचाऱ्याला जागाच उरायची नाही. तीच त्याची विद्या होती. स्टँडातल्या लोकांना फक्त शेवटची धडक दिसायची. मी शेजारी खेळायचो, मला सगळं दिसायचं. आणि डेस तर वर्षानुवर्षं त्याच्या समोर होता. तो पोरांना बघतच नव्हता. तो नॉर्मनच्या पायांना बघत होता.

परत येताना मी आनंदाने सांगून टाकलं. "नॉर्मन, चोर सापडला. तू मागे सरकतोस."

"काय?"

"पोरगा आवडला की तुझे पाय मागे जातात. डेस तुझ्याकडे बघत उभा असतो."

त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि मला वाटलं, पटलं. मग म्हणाला, "मी मागे सरकतो?"

"चांगला असला तरच."

"मी आयुष्यात कुणासमोर मागे सरकलो नाही. सगळ्या लँकशायर परगण्याला विचार."

"लँकशायर स्टँडात होतं रे. मी तुझ्या शेजारी होतो."

"आणि डेस कुठे बघतो हे तुला कसं कळलं?"

"मी त्याच्याकडे बघत होतो."

"असं," तो म्हणाला. "म्हणजे तुम्ही दोघं एकमेकांकडे बघत होता."

मी गिअर इतक्या जोरात टाकला की मागचे गठ्ठे पडले.

पण माझं बोलणं त्याला लागलं होतं. पुढच्या शनिवारी मैदानाला लोखंडी कठडा होता. नॉर्मनने दोन्ही हातांनी तो धरला, पाय रोवले आणि मॅचभर पुतळ्यासारखा उभा राहिला. मला दाखवायला. जबडा आवळलेला, कपाळावर शीर. त्या दिवशी एक पोर असं खेळलं की मलासुद्धा, जो आयुष्यभर फक्त बॉल लांब मारत आला त्याला, गंमत वाटली. नॉर्मन व्हॅनमध्ये बसला आणि म्हणाला, "काही नाही. सगळी लाकडं."

"आणि तो आठ नंबर?"

"कुठला आठ नंबर?"

तो खोटं बोलत नव्हता, मला त्याचा चेहरा माहीत आहे. त्याला ते पोर दिसलंच नव्हतं. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. कठडा नसला तर हात खिशात खुपसून, पाय दाबून, सगळं लक्ष स्वतःच्या बुटांवर. मग माझ्या ध्यानात आलं की नॉर्मन क्रॅबट्री डोळ्यांनी पोरं हेरत नव्हताच. पायांनी हेरायचा. पाय बांधले की तो आंधळा. असाच ईस्टर आला असता तर मिस्टर एन्टव्हिसलने हात मिळवला असता, आणि नॉर्मनला या जगात दुसरं काही येत नव्हतं. मॅनेजरकी गेली तेव्हा तो सहा महिने मागच्या अंगणात बसून होता. आयव्ही त्याला जेवायला हाक मारायची आणि तो उठायचा नाही. ते मी बघितलेलं होतं.

दोन दिवस मी स्वतःशी भांडलो. मग त्याच्या घरी गेलो. तो मागच्या दारात बूट पुसत होता.

"नॉर्मन," म्हटलं, "ते मागे सरकण्याचं मी उगाच बोललो."

त्याने वर बघितलं.

"तसं काही नाही. तू हलतसुद्धा नाहीस. मला आपलं काहीतरी सांगायचं होतं म्हणून रचलं."

"काहीतरी सांगायचं होतं," तो म्हणाला. "का?"

"तू माझ्यावर आळ घेत होतास म्हणून."

तो हळूहळू मान हलवत राहिला. बुटावरचा चिखल निघाला होता तरी पुसत राहिला. तो काय समजला हे मला कळत होतं. चोर स्वतःच्या तोंडाने बोलतोय, असंच तो समजला होता. मला तिथेच ओरडून सांगावंसं वाटलं, पण मग त्याचे पाय पुन्हा बांधले गेले असते. मी तसाच निघून आलो. ते मला खूप जड गेलं.

त्यानंतर मी पेपर वाचणं बंद केलं. लाँड्रीतला, ड्रायव्हरांना देतात तो घोट्यापर्यंतचा रेनकोट चढवायचा, बटणं उघडी ठेवायची, आणि नॉर्मनच्या मागे डेसच्या वाटेत उभं राहायचं. मी रुंद माणूस आहे. खेळायचं सोडल्यापासून आणखी झालोय. डेस डावीकडे सरकला की मी डावीकडे. तो शेडच्या पलीकडे गेला की मी चार पावलं मागे. गुडघे कुरकुरायचे, पण खरं सांगतो, मला मजा येत होती. असा खेळ मी वर्षानुवर्षं खेळलो नव्हतो.

एकदा डेस वैतागून जवळ आला. "वॉल्ट, जरा बाजूला हो की. मॅच दिसत नाही."

"मॅच तिकडे आहे, डेस," मी म्हटलं. "तू इकडे बघतोयस."

तो हसला, पण बुटाकडे बघत हसला. नॉर्मनने वळून आम्हा दोघांना एकत्र उभं बघितलं. त्याचे डोळे बारीक झाले, आणि तो पुन्हा मैदानाकडे वळला.

मार्चमध्ये एका गिरणीच्या टीममध्ये टेरी हॅल्सल नावाचं पोर होतं. त्याने बॉल घेतला आणि नॉर्मन इतका मागे सरकला की माझ्यावर येऊन आदळला. "बघून उभा राहत जा," तो मला म्हणाला. त्याच दुपारी, पोराच्या अंगावरचा चिखल वाळायच्या आत, तो हॅल्सलच्या आईच्या स्वयंपाकघरात चहा पीत होता. डेस त्या संध्याकाळी दोन भलत्याच पोरांची घरं हिंडत होता.

ईस्टरच्या आधी सही झाली. क्लबच्या खोलीत छोटासा समारंभ झाला. हॅम सँडविच होते, मिस्टर एन्टव्हिसलने भाषण केलं, नॉर्मनच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "पुढच्या हंगामातही तूच." आयव्ही खिडकीपाशी उभी राहून डोळे पुसत होती. मला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं.

मग नॉर्मन माझ्याजवळ आला. माझं कोपर धरून त्याने मला कोपऱ्यात, कोट टांगायच्या खुंट्यांपाशी नेलं.

"तू मागच्या दारात येऊन बोललास, त्यानंतर एकही पोरगा गेला नाही," तो म्हणाला.

"नाही गेला."

"मी कुणाला सांगितलेलं नाही. आयव्हीलाही नाही. सांगणारही नाही. तू थांबलास, माझ्यासाठी तेवढं पुरे आहे." त्याने माझं कोपर सोडलं. "झालं गेलं, वॉल्ट. मी तुला माफ केलं."

माझी कानशिलं तापली. त्याचा हात पुढे आलेला होता. पलीकडे हॅल्सलची आई हसत होती, चेअरमनच्या हातात ग्लास होता, आणि पुढच्या शनिवारी खाणीच्या मैदानावर मॅच होती. मी त्याचा हात हातात घेतला.

"एकच सांग," तो म्हणाला. हात सोडला नाही. "का केलंस? मला तेवढंच कळत नाही."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं. कारण मिळालं नसतं तर तो ते शोधत राहिला असता, घरी, व्हॅनमध्ये, मैदानावर उभा राहून, आणि एक दिवस स्वतःच्या पायांपर्यंत पोचला असता.

"तुला गावाने डोक्यावर घेतलं," मी म्हटलं. "मी तुझ्या शेजारी तेवढाच खेळलो. माझं नाव कोणी ओरडलं नाही. म्हणून."

नॉर्मनने मोठा श्वास सोडला. मॅनेजरकी गेल्यापासून मी त्याचा चेहरा इतका मोकळा बघितला नव्हता.

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला, आणि माझ्यासाठी बिअर आणायला गेला.